गावच्या घरी कोणती यंत्रं ठेवावीत, आणि त्यांच्या आकड्यांवर किती विसंबावं?

सागरगोटा

घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. घरात दोघंच असतात. वडील ७६, बीपी आणि मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. आई ७१, हृदयाचं पंपिंग कमी (इकोत ३५ टक्के), लघवीची गोळी चालू. प्राथमिक आरोग्य केंद्र ९ किलोमीटरवर, मोठं रुग्णालय चिपळूणला, म्हणजे दीड तास धरून चाला. मुलं मुंबईत.

पावसाळ्याच्या आत आगोटीचं सामान भरतो तसं यंत्रांचंही एकदा नीट करून टाकायचं आहे. बीपीचं मशीन, शुगरचं मशीन, ऑक्सिमीटर, ईसीजी काढणारं मनगटी घड्याळ, फोनवरून डॉक्टर अशी यादी झाली आहे. यातलं खरंच उपयोगाचं काय? ते वापरायचं कसं, आणि कुठल्या आकड्याला थांबायचं, कुठल्याला गाडी काढायची? डॉक्टर, फार्मासिस्ट, आरोग्य केंद्रात काम करणारे कोणी असतील तर सविस्तर लिहा.

लामणदिवा

मी फिजिशियन आहे, किनारपट्टीवरच्याच तालुक्यात. यंत्र घेण्याआधी एक प्रश्न विचारा: हा आकडा आला तर आपण काय वेगळं करणार? उत्तर असेल तर यंत्र घ्या. नसेल तर ते फक्त काळजी वाढवतं. तुमच्या यादीत जे नाही तेच मी पहिल्यांदा घ्यायला सांगेन.

वजनकाटा. पंपिंग कमी असलेल्या माणसाच्या अंगात पाणी साठू लागलं की पायावर सूज दिसायच्या आणि धाप लागायच्या आधी काही दिवस वजन वाढतं. आईंनी रोज सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहापूर्वी, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन करायचं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. काटा लादीवर ठेवा. सारवलेल्या जमिनीवर किंवा चटईवर तो दरवेळी वेगळं दाखवतो. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर आईंना बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. बहुतेक वेळा लघवीच्या गोळीचा डोस दोन-तीन दिवस वाढवून भागतं. तेच आठवडाभर लांबलं की रात्री उठून बसावं लागतं आणि मग अ‍ॅम्ब्युलन्स. उलट जुलाब-उलट्या होऊन वजन झटकन उतरलं तर तीच गोळी त्रास देते, तेव्हाही विचारा.

आपल्याकडे यात एक मोसमी भर असते. पावसात दर्यावरची मासेमारी बंद, मग सुकट, सुके बांगडे, खारातल्या मिरच्या, लोणचं, पापड यांवर जेवण येतं. मीठ तिथून जातं. जून-जुलैत आईंचं वजन चढलं तर आधी ताटात पाहा.

बीपीचं मशीन दंडावर पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. शिवणाच्या टेपने दंडाचा घेर खांदा आणि कोपर यांच्या मधोमध मोजा. २२ ते ३२ सेंटिमीटर असेल तर नेहमीचा पट्टा, त्यावर गेला तर मोठा मागवावा लागतो. जाड दंडावर लहान पट्टा बांधला की बीपी खोटंच जास्त येतं आणि गोळ्या विनाकारण वाढतात. ‘स्ट्राइड बीपी’ या संकेतस्थळावर पारखून घेतलेल्या मॉडेलांची यादी आहे, मॉडेल क्रमांक तिथे आहे का ते बघून मगच घ्या.

मोजण्याची जागा महत्त्वाची. कोकणातल्या घरात माणूस बसतो झोपाळ्यावर नाहीतर पाटावर, आणि बीपीसाठी दोन्ही चुकीचे. झोपाळ्यावर पाय लोंबतात, पाटावर पाठीला आधार नसतो. पाठीची खुर्ची, पावलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. उघडा दंड टेबलावर, पट्टा हृदयाच्या पातळीला. हात १० सेंटिमीटर खाली राहिला तर आकडा ७-८ ने जास्त येतो, हे निव्वळ रक्ताच्या उंचीचं वजन आहे. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नाही. लघवीला जाऊन यावं. पाच मिनिटं स्वस्थ बसावं. मोजताना बोलू नये, आणि शेजाऱ्यांनीही बोलायला लावू नये.

सकाळी गोळी घेण्याआधी दोनदा, मध्ये एक मिनिट थांबून, आणि संध्याकाळी तसंच दोनदा. असं सात दिवस. पहिला दिवस सोडून द्या, उरलेल्या सगळ्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा जास्त म्हणजे बीपी वाढलेलं. दवाखान्यातली १४०/९० ची रेघ घरी लावू नका. डॉक्टरांना ही सरासरी दाखवा, एखाद्या दिवशी आलेला १७० नव्हे. रोज दहा वेळा मोजणारा माणूस स्वतःच ते आकडे वाढवत असतो, म्हणून औषध बदललं नसेल तर महिन्यातून एक आठवडा पुरे.

वरचा १८० किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटं शांत बसवून परत मोजा. तसाच राहिला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, दिसेनासं होणं यातलं काही असेल तर लगेच १०८. काहीच त्रास नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. मनाने जादा गोळी नाही. निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली देण्याची जुनी पद्धत काही घरांत अजून आहे, ती पूर्ण बंद करा. बीपी एकदम कोसळून मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो.

वडिलांचं बीपी उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनीही अधूनमधून मोजा. बसलेल्यापेक्षा वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरत असेल तर पहाटे परसाकडे जाताना पडायची भीती असते. जुन्या मधुमेहात हे बरंच दिसतं आणि मे महिन्याच्या घामाने आणखी वाढतं.

ऑक्सिमीटर ठेवायला हरकत नाही. बोट कोमट हवं. पावसात भिजून आलेल्या गार बोटावर तो चुकतो. नेलपॉलिश आणि ताजी काळी मेंदी नको, हात मांडीवर स्थिर, आणि आकडा अर्धा मिनिट टिकला तर खरा. ९५ च्या वर ठीक. ९२ ते ९४ आला तर दुसऱ्या बोटावर तासाभरात परत बघा आणि फोन करा. ९० च्या खाली गाडी काढा, पण दम्याचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टर वेगळी रेघ आखून देतात. सावळ्या त्वचेवर तो दोन-तीनने जास्त दाखवू शकतो, म्हणून ९३ असताना माणूस धापत असेल तर माणसाचं ऐका. आणि बंद खोलीत चुलीचा किंवा जनरेटरचा धूर कोंडला असेल तर कार्बन मोनॉक्साइड असूनही तो ९८ दाखवेल. तिथे आधी माणसाला बाहेर ओट्यावर आणा.

खलबत्ता

फार्मसीच्या बाजूने शुगरचं मशीन आणि इन्सुलिन एवढ्यापुरतं लिहितो, कारण आपल्या हवेत सगळ्यात जास्त बिघाड इथेच होतो.

मशीन फारसं बिघडत नाही, बिघडतात त्या पट्ट्या. पट्टीवर एन्झाइम असतं आणि दमट हवा त्याला मारते. डबीच्या झाकणात ओल शोषणारा पदार्थ असतो, म्हणून पट्टी काढली की झाकण ताबडतोब घट्ट. पट्ट्या कागदात बांधून शर्टाच्या खिशात ठेवायच्या नाहीत, दोन डब्यांतल्या एकत्र करायच्या नाहीत. फ्रिजमध्येही नाही. गार डबी बाहेर उघडली की आत दव धरतं. डबी उघडल्याची तारीख पेनाने वर लिहा. बऱ्याच कंपन्यांची मुदत उघडल्यापासून ३ महिने असते, काहींची ६, ती डबीवर पाहा. दिवसाला एकच तपासणी असेल तर ५० पट्ट्यांची डबी दोन महिन्यांत सरते, १०० ची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका. आकडे विचित्र येऊ लागले तर त्याच कंपनीचं कंट्रोल सोल्युशन (साखरेचं ठरलेलं प्रमाण असलेलं द्रावण) मागवून एक थेंब तपासा. दिलेल्या मर्यादेत येत नसेल तर डबी टाकून द्या.

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आंबा कापलेल्या, काजूचं बोंड किंवा फणसाचा गरा हाताळलेल्या बोटावर फळाची साखर राहते आणि १२० ची शुगर २५० दिसते. त्यावर कोणी इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतेल. स्पिरिट लावलंच तर ते वाळू द्या. टोचायचं बोटाच्या टोकाला नाही, कडेला. तिथे दुखतं कमी. बोट पिळून पिळून थेंब काढू नका. रक्त कमी असलेल्यांत मशीन जास्त दाखवतं, म्हणून हिमोग्लोबिन ८-९ असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. आणि चांगल्या मशीनलाही १०० च्या वर १५ टक्क्यांची मुभा मानकातच आहे, तेव्हा सकाळी १४० आणि दहा मिनिटांनी १५५ आली तर शुगर वाढली असं समजू नका.

इन्सुलिनचं. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, मधल्या कप्प्यात. बर्फाच्या कप्प्याला टेकली आणि गोठली तर वितळल्यावर नेहमीसारखीच दिसते पण कामाची राहत नाही. वापरात असलेली बाटली किंवा पेन बाहेर ठेवलं तरी साधारण ४ आठवडे चालतं (मुदत वेष्टनावर बघा), खोली २५ ते ३० अंशांच्या आत असेल तर. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात ते जमत नाही. तेव्हा माजघरातला सर्वांत गार कोपरा शोधा, कौलारू घरात तो असतो.

मडक्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते: दोन मडकी, मध्ये ओली वाळू. ती बाष्पीभवनावर चालते. विदर्भात उन्हाळ्यात मडकं छान गार होतं. आपल्याकडे जुलैत हवा आधीच पाण्याने भरलेली असते, पाणी उडतच नाही, त्यामुळे मडक्यातलं तापमान खोलीपेक्षा जेमतेम कमी. लाईट गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, चारेक तास आत गार राहतं. त्याहून लांबलं तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गार पाणी, त्यात प्लास्टिकच्या बंद डबीत बाटली. बर्फ थेट बाटलीला लागता कामा नये.

वडिलांचं इन्सुलिन दुधाळ दिसणारं मिश्र प्रकारचं असेल तर टोचण्याआधी तळहातांत दहा वेळा हळू फिरवा, हलवून फेस आणू नका. फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा बाटलीच्या काचेवर आतून पांढरा थर चिकटलेला दिसला तर टाकून द्या. पाण्यासारखं असायला हवं ते इन्सुलिन गढूळ झालं तर तेही.

सर्वांत गंभीर चूक सिरिंजची. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक ४० युनिट प्रति मिली आणि पेनमधलं १००. लाल टोपीची सिरिंज ४० ची, केशरी टोपीची १०० ची. पेन बिघडलं म्हणून त्याच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने २० ‘युनिट’ ओढले तर अंगात जातात ५०. हे दोन्ही प्रकार एका घरात ठेवूच नका.

शुगर ७० च्या खाली, किंवा घाम सुटून बोलणं असंबद्ध झालं आणि मशीन हाताशी नाही, तर तीन भरलेले चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत तेवढीच. मग भात किंवा पोळी. लाडू, पेढा, चॉकलेट यांत तुपाने साखर उशिरा लागते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं. बीपीसाठी बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) चालू असेल तर थरथर आणि धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. तेवढीच खूण उरते.

लामणदिवा

खलबत्ता यांच्या मजकुराला एक पुस्ती. ७६ व्या वर्षी उपाशीपोटी शुगर ९० ते १५० आणि एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारी तपासणी) ८ च्या आत पुष्कळ झाली. तरुणांचे आकडे म्हाताऱ्यांना लावण्याचा हट्ट मुलांचाच जास्त असतो, फोनवर रोज ‘आज किती?’ विचारून. या वयात १८० च्या शुगरने आज रात्री काही होत नाही. ५० च्या शुगरने होतं.

कुळागर

मी आरोग्य केंद्राच्या बाजूने लिहिते. छातीत दुखण्याचं आणि फोनवरच्या डॉक्टरांचं.

छातीच्या मध्ये दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, गार घाम, आणि हे पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाही. मधुमेह असलेल्यांत दुखतच नाही असंही होतं, नुसती धाप, मळमळ किंवा एकदम गळून जाणं. इथे घरी कुठलंही यंत्र लावत बसायचं नाही. १०८ ला फोन करा, माणसाला टेकून बसवा, जिना चढू देऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, अल्सरमधून रक्तस्राव किंवा लकव्याची शंका नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून द्या. जिभेखालची सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नको, बीपी आधीच उतरलेलं असलं तर माणूस कोसळतो. गॅस झालाय म्हणून सोडा आणि ओवा देण्यात जातो तोच वेळ महागात पडतो. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन बारा तासांपर्यंत देतात, पण पहिल्या दोन तासांतला फायदा नंतर मिळत नाही. म्हणून थेट चिपळूण गाठण्यापेक्षा जवळ जिथे ईसीजी निघतो तिथे आधी थांबायचं का, हे १०८ वरच्या डॉक्टरांना विचारा. आणि पावसाळ्यापूर्वीच एकदा चौकशी करून ठेवा: आपल्या आरोग्य केंद्रात मशीन चालू आहे का, कागदाचा रोल आहे का, रात्री ईसीजी कोण काढतं.

ईसीजीचा फोटो हृदयरोगतज्ज्ञांना पाठवायची सोय आता बऱ्याच ठिकाणी आहे. फोटो धड नसेल तर सोय वाया. कागद सपाट पृष्ठभागावर, वरून सरळ, फ्लॅशचा चमकारा नको. बाराही लीड (वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या बारा रेघा), कागदाचा वेग सेकंदाला २५ मिमी आणि सुरुवातीचा १० मिमीचा चौकोनी ठोकळा दिसला पाहिजे. सोबत वय, दुखणं सुरू झाल्याची वेळ, आत्ताचं बीपी, चालू गोळ्या. घरी जुना ईसीजी असेल तर तोही पाठवा, कारण ‘नवीन बदल आहे का’ यावरच पुष्कळदा निर्णय असतो. ते कागद उष्णतेवर छापलेले असतात आणि आपल्या हवेत वर्ष-दीड वर्षात पुसट होतात, तेव्हा आजच फोटो काढून ठेवा. लॅमिनेट करू नका, गरम रोलरखाली अख्खा कागद काळा होतो.

काढताना होणाऱ्या चुकाही सांगते, कारण बघणाऱ्या नातेवाइकाला त्या लक्षात येऊ शकतात. घामेजल्या छातीवर इलेक्ट्रोड घसरतात, रेघ लाटांसारखी खालीवर होते. आधी पंचाने कोरडं करायचं. हातांच्या वायरी उलटसुलट लागल्या तर पहिली लीड पूर्ण उलटी येते. छातीवरच्या पहिल्या दोन चौथ्या फासळीफटीत हव्यात, घाईत त्या वर लागतात आणि नसलेला जुना झटका दिसू लागतो. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला, ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) निगेटिव्ह आलं, तरी दुखत असेल तर घरी जायचं नाही. ट्रोपोनिन रक्तात यायलाच काही तास लागतात. अर्ध्या तासाने परत ईसीजी.

फोनवरच्या डॉक्टरांबद्दल. ई-संजीवनी सरकारी आहे, मोफत आहे, मोबाईल क्रमांक आणि ओटीपीवर चालतं. गावात रेंज फक्त खळ्यात मिळत असेल तर खुर्ची तिथे न्या. दुसरा मार्ग म्हणजे उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊन तिथून तज्ज्ञांशी बोलणं. तो मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण बीपी, शुगर तिथे समोर मोजलं जातं आणि पोटाला हात लावणारं कोणीतरी असतं. केंद्राने २५ मार्च २०२० ला दूरवैद्यकाचे नियम जाहीर केले. त्यानुसार चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा, आणि झोपेच्या-गुंगीच्या बऱ्याच गोळ्या फोनवरून लिहून देता येत नाहीत. न बघता त्या लिहून देणारं अ‍ॅप असेल तर त्यापासून लांब राहा.

कॉल करण्याआधी कागदावर लिहून घ्या: त्रास काय, कधीपासून, सध्याचे आकडे, गोळ्यांची नावं (पाकिटांचा फोटो, नाव कापलं गेलेल्या पट्टीचा नको), कशाची अ‍ॅलर्जी. आणि एक मिनिटभर छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजून सांगा. ते मोजताना रुग्णाला सांगू नका, सांगितलं की श्वास बदलतो. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २०. पंचवीसच्या पुढे गेले तर फोनवर बोलत बसण्यासारखी अवस्था नाही.

सागरगोटा

खूप उपयोगी, प्रिंट काढून गावी पाठवतो. दोन गोष्टी राहिल्या. मनगटी घड्याळ घ्यावं का? आणि दुसरं लामणदिवा यांना मनापासून विचारतो: यंत्रं, पॅकेजं, रिपोर्ट एवढे वाढले, तरी ‘डॉक्टरांनी हातही लावला नाही’ असं घरचे म्हणतात. यात त्यांचं काही चुकतं का?

लामणदिवा

घड्याळ आधी. त्याचा ईसीजी एका लीडचा असतो, दोन हातांमधला. हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, हे त्यात कळू शकतं. हार्ट अटॅक कळत नाही, त्याला बारा लीड लागतात. छातीत दुखत असताना घड्याळ ‘नॉर्मल’ म्हणालं म्हणून घरी थांबणं हा या वस्तूचा सर्वांत मोठा धोका आहे.

अशा घड्याळावरचा ‘अ‍ॅपल हार्ट स्टडी’ हा अभ्यास २०१९ मध्ये छापून आला. ४,१९,२९७ माणसं, त्यांतल्या २,१६१ जणांना म्हणजे ०.५२ टक्क्यांना अनियमित नाडीची सूचना आली. त्यांतल्या ४५० जणांनी छातीवर लावायचा, ठोके नोंदवणारा पॅच वापरून परत पाठवला, आणि ३४ टक्क्यांत फिब्रिलेशन सापडलं. पॅच सूचनेनंतर काही दिवसांनी लागला आणि हा विकार येऊनजाऊन असतो, म्हणून उरलेले सगळे खोटे इशारे असं नाही. पण इशारा म्हणजे निदान नव्हे, एवढं नक्की. सूचना आली तर घाबरायचं नाही, बारा लीडचा ईसीजी काढायचा. तरुण, धडधाकट माणसाला घड्याळ देण्यात अर्थ कमी, सत्तरीतल्या आईंना जास्त. पण तिथेही फुकटचा पर्याय आहे: अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण ६० सेकंद नाडी. ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे समान पडतात की कुठलाच ताल नाही, हे आशाताई पाच मिनिटांत शिकवतील. बीपीच्या बऱ्याच मशीनवरही अनियमित ठोक्यांची खूण उमटते. मुळात ताल नसेल तर बीपीचा आकडाही हलतो, तेव्हा तीनदा मोजून सरासरी घ्या.

आता दुसरा प्रश्न. घरच्यांचं चुकत नाही.

‘नॉर्मल रेंज’ बनते कशी ते बघा. निरोगी लोकांतल्या मधल्या ९५ टक्क्यांची ती पट्टी असते. म्हणजे निरोगी माणसाचाही प्रत्येक तपासणीत पाच टक्के वेळा आकडा बाहेर पडणार. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकदम केल्या तर निदान एक तरी लाल अक्षरात येण्याची शक्यता ६४ टक्के, ४० केल्या तर ८७ टक्के. सत्तर तपासण्यांचं पॅकेज घेऊन आलेला माणूस आजारी नसतानाही कागद घेऊन बसतो, आणि दहा मिनिटांतली आठ त्या लाल आकड्यांचं निरसन करण्यात जातात. ज्यासाठी तो आला होता ते बोलायचं राहून जातं. तपासणी चांगली असते ती प्रश्न आधी असेल तेव्हा.

विचारण्याने काय सापडतं त्याचं आपल्याकडचं उदाहरण: शहाळं. तब्येतीला चांगलं म्हणून घरच्या माडाचं रोज एक-दोन. त्यात पोटॅशियम भरपूर, एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमच्या पुढे सहज. मूत्रपिंड थोडं कमी चालणाऱ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन किंवा टेल्मिसार्टन (पोटॅशियम अंगात राखणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्या माणसात तेवढ्याने पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. रक्ताचा रिपोर्ट सांगेल पोटॅशियम ६, कशामुळे ते सांगणार नाही. तुमच्या आईंच्या गोळ्यांत यांपैकी काही आहे का ते आजच बघा.

आणि हाताने काय सापडतं त्याचं उदाहरण याच किनाऱ्यावरचं आहे. लाल विंचू चावला की विष नसांमधले सोडियमचे मार्ग उघडे ठेवतं, अ‍ॅड्रिनलिनच्या जातीची द्रव्यं रक्तात उसळतात, आधी दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे हातपाय, चढलेलं बीपी, आणि मग फुप्फुसात पाणी भरून मृत्यू. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे रुग्ण तासन्‌तास उशाशी बसून पाहिले आणि क्रम नोंदवला. त्यातूनच प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी इथे लागू पडेल हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोस किलोमागे ३० मायक्रोग्रॅम, तोंडाने, दर तीन तासांनी, हातपाय गरम होईपर्यंत, आणि माणसाला आडवंच ठेवायचं कारण उठला तर बीपी पडतं. औषध कधी थांबवायचं हे ठरवणारं यंत्र म्हणजे डॉक्टरचा तळहात. (हे घरी द्यायचं औषध नव्हे, आरोग्य केंद्रात द्यायचं.)

फुरसं चावल्यावरचंही तसंच. २ मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, मग एकदाच कलती करायची. रक्त गोठलं नसेल तर विष रक्तात भिनलं आहे आणि प्रतिविष लागणार. पाचपन्नास रुपयेही लागत नाहीत या तपासणीला. चुकते मुख्यतः दोन कारणांनी: नळी प्लास्टिकची असली तर, किंवा डिटर्जंटने धुतलेली असली तर. दोन्हींत विष नसतानाही रक्त गोठत नाही.

म्हणून घरच्यांना सांगा, डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टची फाईल पिशवीतच ठेवायची. आधी दोन वाक्यांत त्रास सांगायचा, मग विचारायचं, ‘एकदा तपासून बघता का?’ यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. पाय सुजलेत का, मानेची शीर फुगली आहे का, फुप्फुसाच्या तळाशी आवाज येतो का, हे तुमच्या आईंच्या बाबतीत इकोपेक्षा जास्त वेळा आणि जास्त लवकर उत्तर देतं.

खलबत्ता

पावसाळ्याची तयारी म्हणालात म्हणून एकच भर, ज्यांच्या घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) आहे त्यांच्यासाठीही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूला धडकलं तेव्हा रायगड-रत्नागिरीच्या बऱ्याच गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. ५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॉट खातं. १५० एएचची एक इन्व्हर्टर बॅटरी नवी असेल तर त्यावर तीनेक तास चालेल, पंखे-दिवे बंद ठेवून. म्हणून सोबत बी-टाइप सिलिंडर भरून ठेवा: १५०० लिटर, मिनिटाला २ लिटरने साडेबारा तास. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात शोधत बसू नका. मशीनची हवा ओढायची जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवा, बाटलीतलं पाणी रोज बदला, उकळून गार केलेलं. चूल, समई, निरांजन, उदबत्ती यांपासून किमान दोन-तीन मीटर लांब. गणपतीत आरतीच्या खोलीत नळी लावलेल्या माणसाला बसवू नका, दारातून दर्शन घेऊ दे.

गोळ्यांचा साठा दीड महिन्याचा ठेवा, वाडीचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही. गोळ्या मूळ पट्टीतच, घट्ट झाकणाच्या डब्यात. तांदळाच्या डब्यात नको, त्यात बोरिक पावडर असते.